रातांब्याखालचे बूट

दसऱ्याचा दुसरा दिवस, दुपार

प्रिय योगिनी,

तुमच्या बंदरावरच्या सदूजवळ हे पत्र आणि एक पिशवी देते आहे. पिशवी आधी उघडू नकोस हां. पत्र शेवटपर्यंत वाच, मग उघड. लहानपणी तू आधी खाऊ संपवून मग अभ्यासाला बसायचीस, तसं या वेळी चालायचं नाही. जयगड काही परदेशात नाही, फोन आहे की, असं म्हणशील. आहे ना. पण फोनवर मी तोंड उघडायच्या आत तूच तीन प्रश्न विचारतेस, गोळी घेतलीस का, गॅस बंद केलास का, पायात चप्पल आहे का, आणि तेवढ्यात तिकडून तुला कुणीतरी हाक मारतं की तू गेलीस. शिवाय जे सांगायचंय ते तोंडाने सांगायला गेले तर मी निम्म्यावर रडत बसेन. अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं लिहिली, लिहायला बसले की माझा हात थांबत नाही एवढं खरं.

रविवारी तू गवत कापायचं मशीन घेऊन परड्याची बेणणी करायला येणार आहेस. गेल्या आश्विनात बाबा गेल्यापासून मागच्या परड्याला कुणाचा हात लागलेला नाही. मी लावू दिला नाही. रान माझ्या कमरेला आलंय, गोठ्याच्या मागे तर खांद्याला. दिवाळीला घर असं जंगलात नको हे तुझं म्हणणं बरोबर आहे. पण तू त्या रानात पाऊल टाकण्याआधी तुला एक गोष्ट कळायला हवी, आणि ती सांगणारी माझ्याशिवाय कुणी उरलेली नाही. कळल्यावर यायचं की नाही ते तू ठरव. माझ्याशी बोलायचं की नाही तेही तूच ठरव. मी दोन्हीला तयार आहे असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू, तयार नाही.

आधी कामाचं सांगते. सेफ्टीवालीला आई सेफ्टी शिकवते म्हणून हसशील. हस. बंदरावरचं तुला ठाऊक, परड्यातलं मला ठाऊक. पाणंदीकडचा गडगा पावसात ढासळलाय, चिरे रानात पडलेत आणि वरून एक दिसत नाही. तिकडे मशीनला पातं लावू नकोस, दोरीच लाव. पातं चिऱ्यावर बसलं की कपरा सणकन तोंडावर येतो. हरिश्चंद्रकाकांचं माहीत आहे ना तुला? घाम येतो म्हणून चष्मा कपाळावर चढवला होता आणि खडा बसला डोळ्यात. आता एका डोळ्याने पेपर वाचतात आणि वाडीभर सांगत फिरतात की चष्मा घातलेला होता, खडाच काच फोडून आत गेला. काच कपाटात अख्खी आहे, काकूने मला दाखवली. माणसं अशा वेळी काय काय सांगतात बघ.

जुन्या विहिरीचा कठडा एका बाजूने गेलाय, तिथे मी लाल साडीचा पट्टा काठीला बांधून रोवून ठेवलाय, त्याच्या अलीकडेच थांब. पंपाची केबल चिकूच्या बुंध्याकडून रानातून गेलीय, आदल्या दिवशी मी मेन बंद करून ठेवीन, तरी तू स्वतः बघून घे, माझ्यावर विसंबू नकोस. गडग्यावर खाजकुयली चढलीय, शेंगा वाळायला लागल्यात, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा आण आणि गळ्याशी बटण लाव, भले उकडू दे. गोठ्याच्या वाश्याला गांधीलमाश्यांनी घर केलंय, तिकडे मशीनचा आवाज नेऊ नकोस. उन्हं चांगली वर आली, दव उडालं, की मगच सुरुवात कर. वाळक्या पातेऱ्याच्या ढिगात हात घालायचा नाही, आधी काठीने उलथून बघायचं. काठी मी कापून ठेवलीय, तुझ्या उंचीची, पडवीत उभी आहे.

आणि आदल्या दिवशी परड्याला फेरी मारायची, ती मी मारीन. हे तुमच्या बंदरावर कुणी शिकवणार नाही, हे बाबांचं. ते बेणणीच्या आदल्या दिवशी दुपारी काठी घेऊन सगळं परडं हिंडायचे, जमिनीवर काठी आपटत, आणि मोठ्याने बोलायचे. सरका हो, उद्या आमचं काम आहे, पोरंबाळं घेऊन बाजूला व्हा, असं. जनावराचं नाव घ्यायचं नाही, नुसतं सरका म्हणायचं. तू पाच-सहा वर्षांची असताना त्यांच्या मागून एक फाटी घेऊन तशीच हिंडायचीस आणि सरका म्हणायच्या ऐवजी गडग्यालाच चला चला म्हणून रागे भरायचीस. चाळीस वर्षं त्या माणसाने लोकांच्या आंब्याच्या बागा बेणल्या, अनवाणी, हातात कोयती, कमरेला आकडी. कातळावरच्या रानात किती फुरशी बघितली असतील, एकाने कधी त्यांच्याकडे मान वळवली नाही. लोक म्हणायचे काशीरामच्या पायाला वास ठाऊक आहे. वासबीस काही नाही, आदल्या दिवशीची फेरी होती ती.

मग गेल्या वर्षी मिरगाच्या आधी तू ते गमबूट आणलेस. आठवतं ना? पडवीत खोक्यासकट त्यांच्या पुढ्यात ठेवलेस आणि उभ्या उभ्या भाषण दिलंस. फुरसं केवढं, वीतभर, घोट्याच्या वर त्याचं तोंड पोचत नाही, बूट असला की संपलं काम. ते मान खाली घालून ऐकत होते, शाळेत मास्तरांसमोर उभं केल्यासारखे. मग तू शपथ घातलीस. रानात पाऊल टाकलं की बूट, घरची बेणणी असो की दुसऱ्याची, पाच मिनिटांचं काम असो की दिवसाचं, आणि देव जरी म्हणाला काढ तरी काढायचे नाहीत. हे शेवटचं तू हसत म्हणालीस, तेही हसले. मी चुलीपाशी होते, मी हसले नाही. तुझ्या ते ध्यानात नसेल.

त्यानंतरचं तुला वाटतं ते असं, की बूट खोक्यातच राहिले. नवी वस्तू जपून ठेवायची आमच्या लोकांची खोड. तू फोनवर विचारायचीस आणि ते घालतो गो बाय, घालतो म्हणायचे, आणि तुला वाटतं ते तुझं तोंड बंद करायला म्हणायचे. ते गेल्यावर दहाव्याच्या आदल्या दिवशी तू माळ्यावरून खोकं काढायला लावलंस. मी काढून दिलं. झाकण उघडून तू बघितलंस, बूट चकचकीत, वर कागद, आणि तू झाकण भिंतीवर भिरकावलंस. इतके नवे, एवढंच म्हणालीस. मी झाकण उचलून खोक्यावर परत बसवलं. पडवीत माणसं बसली होती, त्यांतल्या कुणी तुझं म्हणणं खोडलं नाही, कारण बाबांना बूट घालून वाडीत फिरायची लाज वाटायची आणि घराच्या मागे ते काय घालतात ते माझ्याशिवाय कुणी बघितलेलं नव्हतं.

काल दसऱ्याला सकाळीच सदू सोनं द्यायला आला. बसला, खीर खाल्ली, आणि तुझं कौतुक करायला लागला. योगिनीताई म्हणजे आमच्याकडे नुसता धाक आहे म्हणाला. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करते, ते तुमचं टूलबॉक्स का काय ते, आणि नवीन पोरं भरती झाली की त्यांना बाबांची गोष्ट सांगते. मी विचारलं कसली गोष्ट. सदू बिचारा सरळ, त्याने जशीच्या तशी सांगितली. माझ्या बापाला मी बूट आणून दिले होते, ते घरात खोक्यात नवे होते, तो मला फोनवर घालतो म्हणून खोटं सांगत होता, आणि तो मेला, तेव्हा मला कुणी घालतो म्हणून तोंडदेखलं सांगू नका, पाय दाखवा. परवा म्हणे हे ऐकून एक पोरगा रडला. फार गुण येतो ताईच्या बोलण्याचा, म्हणाला सदू. मी आपट्याचं पान हातात धरून बसले होते. त्याचे तुकडे झाले तरी मला कळलं नाही.

रागावले नाही मी तुझ्यावर. तुझ्या जागी मी असते तर मीही सांगितलं असतं. त्या गोष्टीने कुणाचे पाय वाचत असतील तर वाचू देत. पण योगिनी, वर्षभर तू तिकडे त्यांना खोटारडं ठरवतेस आणि इकडे मी... थांब, हे नीट सांगते, नाहीतर तुला वाटेल आई भ्रमिष्ट झाली.

बाबांचे दिवस झाले, पाहुणे गेले, तू कामावर रुजू झालीस, त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. सकाळचे दहा असतील. मी भाकरी थापत होते. मागच्या बाजूला चिऱ्यांच्या फरसबंदीवर पाय वाजले. अनवाणी पाय वाजत नाही, चप्पल फटफटते, हा तसला आवाज नव्हता. रबरी बुटात पाय सैल असला की चालताना आत हवा दबते आणि टाच उचलताना ती सुटते. थप्प आणि मग बारीकसा उसासा. थप्प, उसासा. पडवीपासून निघाला, न्हाणीघरावरून गोठ्याकडे, गोठ्याच्या मागून चिकूपर्यंत, आणि तिथून परड्याच्या कोपऱ्यात रातांब्याच्या झाडाखाली, जिथे आपला राखणदाराचा दगड आहे. तिथे थांबला. मी भाकरी तव्यावर टाकायची विसरले. परतीचा आवाज येईल म्हणून वाट बघत राहिले. आलाच नाही.

तेव्हापासून रोज येतो. रोज दहाच्या सुमाराला, तिथवर जातो आणि थांबतो. सुरुवातीला मी दार उघडून बघायची, रान नुसतं उभं, हलतही नाही. मग दार उघडायचं सोडलं. मग दहा वाजता रेडिओ मोठ्याने लावायला लागले, त्यातूनही ऐकू येतो. हरिश्चंद्रकाकूला एकदा बोलावून बसवलं चहाच्या निमित्ताने. तिने काही ऐकलं नाही, मी ऐकलं, आणि ती मला विचारत राहिली की चहात मीठ का घातलंस. म्हणून मी कुणाला बेणणी करू देत नव्हते गो. मजूर महाग झालेत, मशीनवाला वेळ देत नाही, ही सगळी माझी थापेबाजी. मला भीती वाटायची की रान कापलं आणि तिथे कुणी उभं असलं तर दिसेल. आणि रान कापलं आणि तिथे कुणीच नसलं तर, त्याची त्याहून जास्त भीती वाटायची.

आता त्या दिवसाचं. तुला ठाऊक आहे तेवढं असं, की बाबा सकाळी बेणणीला उतरले, रातांब्याखाली त्यांना फुरसं चावलं, आम्ही दवाखान्यात उशिरा पोचलो. तू जयगडहून गाडी मारत आलीस, हेल्मेट हातात तसंच, आणि खाटेपाशी येऊन पहिला प्रश्न केलास, बूट कुठे होते. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. ते म्हणाले विसरलो गो बाय. एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत म्हणाले, विसरलो. इंजेक्शनं दिली, बाटल्या लावल्या, डॉक्टरांनी हात टेकले नाहीत, पण फुरशाच्या विषाने रक्त पातळ झालं होतं आणि मूत्रपिंडांनी काम सोडलं. चौथ्या दिवशी पहाटे गेले. त्या चार दिवसांत तू तीनदा तोच प्रश्न विचारलास आणि तिन्ही वेळा त्यांनी तेच उत्तर दिलं.

उशीर का झाला तेही ऐकून ठेव, रविवारी उपयोगी पडेल. चावलं तेव्हा त्यांना वाटलं काटा लागला. अर्धा तास तसंच काम केलं. पाणी प्यायला आले तेव्हा लंगडत होते, घोट्याखाली दोन ठिपके आणि भोवती सूज. त्याच क्षणी १०८ ला फोन करायला हवा होता. पाय हलवायचा नाही, आवळून बांधायचा नाही, कापायचा नाही, जो सांगेल त्याचा पाला लावायचा नाही, सरळ दवाखाना. अंगणवाडीत हा तक्ता मी स्वतःच्या हाताने भिंतीला चिकटवलाय, बायकांना वाचून दाखवलाय. आणि माझ्या घरात वेळ आली तेव्हा मी राखणदाराच्या दगडावरचा अंगारा आणून त्या पायाला लावला. नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. राखणदाराच्या पायथ्याचं जनावर आपल्या माणसाला इजा करायचं नाही, असं मी त्यांना सांगत होते. ते मान हलवत होते, मला बरं वाटावं म्हणून. साडेबाराला चूळ भरली तर चूळ लाल. तेव्हा मी हरिश्चंद्रकाकांना सांगून रिक्षा बोलावली. सकाळी साडेदहाचं ते दुपारी एकपर्यंत मी घरात ठेवलं. एवढं तुला मी तेव्हाही सांगितलं होतं आणि तू मला त्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस. तू गप्प राहिलीस म्हणून मला पुढचं सांगता आलं नाही.

रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हातखंब्याच्या तिठ्यावर ट्रक अडकले होते, तिथे थांबलो तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, योगिनीला बुटांचं सांगू नको. मी म्हणाले, का? तर म्हणाले, माझ्यावर रागावली तर चार दिवसांत विसरेल, तुझ्यावर रागावली तर तुम्ही दोघी बोलायच्या नाहीत आणि मधे निरोप्यासारखा मला फिरायला लागेल. हसले सुद्धा. त्यांना वाटत होतं चार दिवसांनी घरी यायचंय. ते खोटं त्यांनी चार दिवसांपुरतं केलं होतं गो. मी ते वर्षभर वापरलं.

बूट त्यांच्या पायात होते, योगिनी. त्या दिवशी होते, त्याच्या आदल्या दिवशी फेरी मारतानाही होते, आणि मिरगापासून मागच्या परड्यात एक दिवस असा नाही की ते बुटांशिवाय उतरले. घालतो गो म्हणायचे तेव्हा अर्ध्या वेळेला ते पायातच असायचे. त्या दिवशी रान कापत कापत ते रातांब्यापाशी पोचले, आणि मी मागच्या दारातून बघितलं की हा माणूस बुटांसकट राखणदाराच्या दगडाला लागलाय. तिथे आपण चप्पल घालून कधी गेलो नाही, माझी सासू गेली नाही, तिची सासू गेली नाही. मी ओरडले, काढा ते, देव आहे तो. त्यांनी कोयती थांबवली आणि म्हणाले, पोरीने शपथ घातलीय, देव म्हणाला तरी काढू नका म्हणून. आणि हसले, तुम्ही दोघं त्या दिवशी पडवीत हसलात तसेच. मी राखणदाराच्या भीतीने ओरडले असं वर्षभर मी स्वतःला सांगत आले. राखणदाराने माझ्या स्वप्नात येऊन कधी बूट काढायला सांगितलं नव्हतं. मला राग आला होता. तेहेतीस वर्षं मी त्या माणसाला सांगतेय रानात जाताना पायात काहीतरी घाला, पायाचे तळवे बघा कसे फुटलेत, त्यांनी कधी ऐकलं नाही. तू एकदा सांगितलंस आणि ऐकलं. म्हणून मी दारातून म्हणाले, तुमची पोरगी मोठी की राखणदार, ते एकदा ठरवा. हे माझे शब्द. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गडग्याच्या पडलेल्या चिऱ्यावर बसले, एक एक करून बूट काढले आणि रातांब्याखाली नीट जोडीने ठेवले, देवळाबाहेर ठेवतात तसे. मग उठून अनवाणी दगडाभोवतीचं रान काढायला वाकले. मी आत जाऊन भाकरीला लागले, आणि मला बरं वाटत होतं, माझं ऐकलं म्हणून. दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला दवाखान्यातून घरी आले तेव्हा बूट तिथेच होते, जोडीने, आत पावसाचं पाणी साठलेलं. विहिरीवर नेऊन ते घासले, खोबरेल चोळून चकचकीत केले, खोक्यात घातले, वर कागद ठेवला. बाबा एक शब्द खोटा बोलले, बाकीचं सगळं माझ्या हातचं. काल सदू गेल्यावर मी खोकं खाली काढलं, बूट पायात घातले आणि काठी आपटत, सरका हो सरका म्हणत परड्यात उतरले. दहा वाजून गेले होते, आवाज येऊन गेला होता. बुटांसकट मी दगडापर्यंत गेले. राखणदाराला म्हणाले, बूट काढणार नाही, राग धरायचा तर माझ्यावर धर, आणि रविवारी माझी लेक येईल तीही काढणार नाही. मग वळले. घराकडे येताना फरसबंदीवर पाय वाजायला लागले, थप्प आणि उसासा, थप्प आणि उसासा, आणि मला रडू फुटलं, कारण वर्षभरात पहिल्यांदा ते पाय परत येताना ऐकले, आणि ते माझे होते. आता पिशवी उघड. बूट पालथे करून तळ बघ, खाचांतली लाल माती मला काढता आली नव्हती. मग आत हात घाल. तू नऊ नंबर आणले होतेस, बाबांचा पाय आठचा. तुला वाईट वाटेल म्हणून त्यांनी सांगितलं नाही, तुझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टचा तुकडा फाडून पुढे कोंबला होता, तो अजून तिथेच आहे, मी काढला नाही. सोमवारी सकाळी पोरांपुढे उभी राहशील तेव्हा गोष्ट सांग, पण खरी सांग. माझ्या बापाने बूट घातले होते, माझ्या आईने काढायला लावले. आणि रविवारी आलीस तर हेच पायात घालून ये. तुला फार मोठे होतील. बाबांचं फडकं राहू दे, वर आणखी एक कोंब.

तुझीच, तू म्हणू देशील तोवर,
आई